चिटणीस बाईंची हरकत

चिटणीस बाई मला आवडत नव्हत्या. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं, पण माणूस गेलं म्हणून हे वाक्य बदलावं असं मला वाटत नाही. त्यांनाही ते चाललं नसतं. फार तर त्यांनी मला विचारलं असतं, "नव्हत्या म्हणजे? आता आवडायला लागल्या का?"

मी मूळचा अकोल्याचा. बँकेतल्या बदलीमुळे उज्जैनला आलो आणि लग्न करून इथेच राहिलो. बायको मेधा इथलीच. उज्जैनच्या मराठी माणसांत दोन थर आहेत. एक, ज्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात दफ्तर सांभाळायला आले त्यांचा. दुसरा, रेल्वे, बँक, शाळा-कॉलेजच्या नोकऱ्यांपायी मागाहून आलेल्यांचा. बाई पहिल्या थरातल्या. त्यांच्या घराण्याकडे दरबारची पत्रं लिहिण्याचं काम होतं. आम्हा दुसऱ्यांना त्या 'बदलीवाले' म्हणत. मला इथे एकोणीस वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी माझी बदली व्हायचीच होती.

माधवनगरात त्या एकट्या राहत. लग्न केलं नव्हतं. पस्तीस वर्षं सरकारी शाळेत हिंदी शिकवली आणि घरी मराठी जपली. हिंदी बोलल्या तर अस्सल हिंदी, मराठी बोलल्या तर एकही शब्द इकडचा तिकडे नाही. "पोटासाठी हिंदी, घरासाठी मराठी. दोन्ही एका ताटात वाढायच्या नाहीत," असं त्या सांगत. आता उज्जैनात राहून हे कसं जमावं? इथे आम्ही सगळेच दोन्ही एका ताटात कालवून खातो. तेच त्यांना सहन होत नसे. कोणी 'मला विश्वास नाही होत' म्हणालं की त्यांचा चेहरा दाताखाली खडा आल्यासारखा व्हायचा.

टावर चौकात सकाळी एक पोह्यांची गाडी लागते. बाई रोज फिरून येताना तिथे थांबत आणि रोज भांडत. गाडीवाल्याने "अम्मा, एक पोहा?" म्हटलं की त्या म्हणायच्या, "एक दाना देगा क्या मुझे? पोहे बोल, पोहे." तो म्हातारा गाडीवालाही खमक्या होता. "पोहा बोलो या पोहे, अम्मा, सेव तो उतनी ही पड़ेगी." वर्षानुवर्षं हे चाललं. दोघांपैकी कोणीही कधी हसलं नाही. लोकांना ते लाडिक भांडण वाटायचं, पण मी जवळून पाहिलं आहे. त्यात लाड अजिबात नव्हता.

लग्नपत्रिकेचीही गोष्ट आहे. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाची पत्रिका आली. तीत 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' असं छापलं होतं. बाईंनी लाल शाईने ते खोडून वर 'अगत्य यावे' लिहिलं, आणखी चार ठिकाणी काट मारली, खाली 'दुरुस्त पत्रिका आल्यास येईन' असं लिहून पत्रिका परत पाठवली. वधूपित्याने ती फाडून टाकली. लग्नाच्या दिवशी मुलगी स्टेजवरून सारखी दाराकडे बघत होती, असं नंतर मेधाने मला सांगितलं. बाई गेल्या नाहीत.

मेधाचं प्रकरण त्याच्या पुढच्या वर्षीचं. तेव्हापासून मी बाईंचा शत्रू झालो असं म्हटलं तरी चालेल.

इथल्या मराठी समाज मंडळाच्या गणेशोत्सवात घरातल्या बायकांनी काहीतरी लिहून वाचायचं असं ठरलं होतं. मेधाने कधी काही लिहिलं नव्हतं. पण तिचे वडील नुकतेच गेले होते, आणि पंधरा दिवस स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून ती त्यांच्याबद्दल लिहीत होती. वडील इथल्या कापडगिरणीत होते. हॉलमध्ये ती उभी राहिली आणि वाचू लागली. "ते माझ्यासाठी फार खुशीचे दिवस होते. संध्याकाळी बाबा येऊन राहिले आहेत असं दुरून दिसलं की मी..."

पहिल्या रांगेतून बाईंचा आवाज आला, "कुठे येऊन राहिले आहेत? धर्मशाळेत?"

हॉल हसला. दीडशे माणसं असतील. मेधाने कागदाकडे पाहिलं, त्याची घडी घातली आणि खाली येऊन बसली. त्यानंतर कितीतरी वर्षं तिने एक ओळ लिहिली नाही, की समाजाच्या हॉलची पायरी चढली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या घरी गेलो. त्यांनी पाणी पुढे केलं, मी घेतलं नाही. म्हणालो, "बाई, ती वडिलांबद्दल वाचत होती."

"म्हणून तर नीट वाचायला हवं होतं."

"तुम्ही तिचा अपमान केलात."

"मी चूक दाखवली. अपमान भाषेचा झाला होता."

मी उठून आलो. पुढची आठ वर्षं आमच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं.

मग मी समाजाचा सचिव झालो. डोक्यात एक कार्यक्रम होता. मराठीत लिहिणारे, पण ज्यांच्या घराकडे पाहून हे मराठीत लिहीत असतील असं कोणाच्या मनात येणार नाही, असे तीन कवी बोलवायचे. रायगडकडचे एलिजा नवगावकर, बेने इस्रायली ज्यू, साठी उलटलेले. दुसरे आमच्या टावर चौकातलेच मुर्तुझाभाई, बोहरा, चष्म्याचं दुकान चालवणारे. लहानपणी शेजारच्या मराठी घरात वाढल्यामुळे मराठीत कविता करणारे. आणि तिसरी सुगंती कास्देकर. मेळघाटातली कोरकू मुलगी, तिशीची, तिथल्याच एका आश्रमशाळेत शिकवणारी.

कार्यकारिणीत हे मांडल्याबरोबर तोंडं वाकडी झाली. अध्यक्ष घारपुरे नानाखेड्याकडे प्लॉटचा धंदा करतात. ते म्हणाले, "आपली माणसं संपली का हो, की हे गोळा करून आणायचे?" तरी एका मताच्या फरकाने ठराव मंजूर झाला. आठ दिवसांनी चिटणीस बाईंचं पत्र आलं. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं, त्यामुळे आणखीच राग येई. 'माझी या कार्यक्रमास हरकत आहे. या मंडळींच्या जातीधर्मास नव्हे. छापील कविता मी मिळवून वाचल्या. त्यांत लिंगवचनाच्या चुका आहेत. आधी भाषा यावी, मग कविता. हरकत नोंदवून घ्यावी.'

घारपुऱ्यांनी पत्र फळ्यावर लावलं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. पहिल्या ओळीनंतरचं कोणी वाचलं नसावं. 'बाईंचाही विरोध आहे' एवढंच सगळीकडे झालं, आणि ज्यांना मुर्तुझाभाईंचं नाव खुपत होतं त्यांना बाईंच्या नावाचा आडोसा मिळाला. ग्रुपवर जे जे लिहिलं गेलं ते इथे लिहीत नाही.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाच वाजता होता. महाकालच्या दर्शनाच्या गर्दीमुळे एकाही लॉजमध्ये खोली मिळेना, म्हणून सुगंती आमच्याकडे उतरली. सकाळी ती मेधाला पोळ्या लाटू लागली. मी पेपर वाचत बसलो होतो, त्यामुळे बोलणं कानावर पडत होतं.

"तुमच्या बोलण्याला कोणी हसत नाही?" मेधाने विचारलं.

"हसतात ना."

"मग?"

"मी थांबते. त्यांचं हसून झालं की पुढं वाचते."

मेधाने उरलेल्या पोळ्या भाजल्या. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "मी पण येते आज."

हॉलमध्ये साठेक माणसं होती. हाताची घडी घालून बसलेली. बाई पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीची पांढरी सुती साडी, मांडीवर वही, हातात पेन्सिल. शाळेच्या तपासणीला आल्यासारख्या.

नवगावकरांनी आजोबांच्या तेलघाण्यावरची कविता वाचली. शनिवारी घाणा बंद असे, बैलालाही सुट्टी असे, एवढीच साधी कविता. ती संपता संपता मागून एकाने विचारलं, "पण तुमचा देव नेमका कोणता?" नवगावकर म्हणाले, "तो मला तुमच्याबद्दल असं विचारत नाही," आणि शांतपणे पुढची कविता काढली. टाळ्या पडल्या नाहीत.

मुर्तुझाभाई उभे राहिले तेव्हा घारपुऱ्यांनी खूण केली आणि चहा फिरू लागला. कपबशांच्या आवाजात त्यांनी कविता सुरू केली. डोळे तपासायच्या तक्त्यावर होती. म्हातारी माणसं न दिसणारी अक्षरं आठवणीने कशी सांगतात त्याबद्दल. पुढच्या रांगेतल्या निम्म्या लोकांच्या नाकावर त्यांनीच बनवलेले चष्मे होते. ते लोक चष्म्यातून बशीत बघत होते. तिसऱ्या ओळीला बाई म्हणाल्या, "शीशा नव्हे, काच." मुर्तुझाभाई म्हणाले, "सुधारतो, बाई," राहिलेली दोन कडवी गाळली आणि बसले. मेधा शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं.

मग सुगंती आली. माईक तिच्या उंचीला जास्त वर होता. तिने तो खाली घेतला नाही. कागद हातात धरून माईकच्या बाजूला उभी राहिली.

"आई आला," तिने वाचलं. "डोक्यावर मोळी घेऊन आई आला..."

"आली!" बाई म्हणाल्या.

हॉल खदखदून हसला. घारपुरे मांडीवर थाप मारून हसले. सुगंती थांबली. सगळ्यांचं हसून होईपर्यंत ती कागदाकडे बघत उभी होती. मग तिने पुढची ओळ वाचली.

"'आली!' गुरुजी ओरडले.
मी म्हटलं, आला.
छडी आली.
छडी आली, हे मला लगेच आलं.
आई अजून येतोच आहे."

कवितेतल्या गुरुजींची ओळ बाई आधीच, कोणी न सांगता, ठरलेल्या जागी बोलून मोकळ्या झाल्या होत्या. ते हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं, आणि या खेपेला ते बाईंना हसलं. मला बाजूने त्यांचा चेहरा दिसत होता. पेन्सिल वहीवर टेकलेली होती, पण हलत नव्हती. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आठ वर्षांनी बरं वाटलं.

घारपुरे उठले. "झालं का, ताई? हे कविसंमेलन आहे, व्याकरणाची थट्टा करायची जागा नाही." ते माईकचा स्विच बंद करायला निघाले. "बंद करा, बंद करा," असे दोन-तीन आवाज आले. मी खुर्चीतून उठेपर्यंत मागून मेधाचा आवाज आला.

"पूर्ण होऊन जाऊ द्या ना तिचं!"

कोणीतरी तिच्याकडे वळून "काय होऊन जाऊ द्या?" म्हणून चिडवलं. बाई वळल्या. त्यांनी मेधाकडे पाहिलं, मग त्या उभ्या राहिल्या. आता मेधावर घसरणार, असं मला वाटलं.

"घारपुरे, खाली बसा," त्या म्हणाल्या.

"बाई, विरोधाचं पत्र तर तुमचंच..."

"माझंच आहे. मागे घेतलेलं नाही. मी वाचून हरकत घेतली, ऐकून टोकलं. तुम्ही काय वाचलंत? चहाचा कप? बसा."

घारपुरे बसले. बाई सुगंतीकडे वळल्या. आवाज तितकाच कडक होता.

"'आला' का लिहिलंत? माहीत नव्हतं म्हणून, की माहीत असून?"

"माहीत असून."

"कारण?"

सुगंती म्हणाली, "आमच्या कोरकूत बाईला वेगळं आणि पुरुषाला वेगळं असं नसतं. जीव आहे की नाही, एवढंच भाषा बघते. चंद्र, चांदण्यासुद्धा आम्ही जिवंतात धरतो. शाळेत आले तेव्हा मला 'आला' नि 'आली'तला फरक कळायचा नाही. मार मात्र कळायचा."

"आणि झाड? झाड कशात धरता?"

सुगंती गोंधळली. "ते... घरी विचारून सांगावं लागेल."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "पुन्हा वाचा. पहिल्यापासून."

"चुका मोजायला?"

"हो."

सुगंतीने पुन्हा वाचलं. या वेळी माईक खाली घेऊन. 'आई आला' आलं तेव्हा हॉलमधली सगळी माणसं कवितेकडे नाही, बाईंकडे बघत होती. बाई उभ्याच होत्या, डोळे मिटून. त्या काही बोलल्या नाहीत. कविता संपल्यावर म्हणाल्या, "शेवटच्या आधीचं कडवं सैल आहे. मला ही कविता आवडली असं मी म्हणणार नाही. 'आला' बरोबर आहे." मग वही पिशवीत घालून, कोणाचा निरोप न घेता त्या चालू लागल्या.

मी त्यांना फाटकाशी गाठलं. इतक्या वर्षांचं सगळं तोंडाशी आलं होतं.

"बाई, आज तुम्ही तिला पुन्हा वाचा म्हणालात. मेधाला का नाही म्हणालात?"

त्यांनी माझ्याकडे थेट पाहिलं. "त्या थांबल्या. ही थांबली नाही."

"तुमच्यामुळे थांबली ती!"

"असेल," त्या म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला.

असेल. एवढंच. घरी येऊन मी हे मेधाला सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला होता. ती सुगंतीसाठी पांघरूण काढत होती. म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी भांडायला नको जायचं होतं. मी थांबून गेली हे खरं आहे. त्यांच्यामुळे थांबली हे पण खरं आहे. दोन्ही मलाच बघावं लागेल ना."

समाजाच्या पुढच्या सभेत घारपुऱ्यांनी मला सचिवपदावरून काढलं. बाईंनी माझ्या बाजूने एक शब्द काढला नाही. उलट कार्यक्रमाचं इतिवृत्त मी लिहिलं होतं, त्यातल्या सहा चुका त्यांनी सभेतच वाचून दाखवल्या.

पण सुगंतीला त्यांनी पत्र लिहिलं होतं. हे मला सुगंतीच्या फोनवरून कळलं. "अकरा पानं आहेत, दादा," ती म्हणाली. "सगळे प्रश्नच. वारा कशात, मेलेला माणूस कशात, मूर्ती कशात. आणि माझ्या कवितेतले सोळा दोष." ती चिडलेलीच होती. तिने पोस्टकार्डावर उत्तर पाठवलं: 'मला वेळ नाही. इथे या आणि माणसांना विचारा.' मला वाटलं, संपलं. बाई ऐंशीला आलेल्या, गुडघे गेलेले, उज्जैनबाहेर त्या वीस वर्षांत पडल्या नव्हत्या.

तीन आठवड्यांनी सकाळी फोन आला. "बदलीवाले, खंडव्याकडे जाणारी बस किती वाजता असते? तिथून पुढचं मी पाहीन."

त्या सुगंतीकडे मेळघाटात पाच दिवस राहिल्या, रोज मुलांच्या मागे वही घेऊन फिरल्या, आश्रमशाळेच्या मास्तरांशी छडीवरून कडाकडा भांडल्या, आणि शेवटच्या दिवशी सुगंतीशीही भांडून परत आल्या, हे सुगंतीने नंतर सांगितलं. परत आल्यावर महिनाभरात त्या झोपेतच गेल्या. मी तेव्हा बँकेच्या कामाने भोपाळला होतो, पोहोचू शकलो नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नानाखेड्याच्या बसस्टँडवरच.

सोडायला मी गेलो होतो, कारण त्यांच्यासोबत जायला दुसरं कोणी नव्हतं आणि मेधा म्हणाली, जा. वाटेत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बसमध्ये मी त्यांची पिशवी वर ठेवायला लागलो तर "मांडीवर राहू द्या" म्हणाल्या. मी खाली उतरलो. आभार त्यांनी मानले नाहीत आणि मी वाट पाहिली नाही. पण बस सुटायला वेळ होता, म्हणून उभा राहिलो.

त्यांच्या शेजारी एक बाई येऊन बसली. इमारतींच्या कामावर आलेल्या कोरकू मजुरांपैकी असावी, गावाकडे निघालेली. हातात कोवळ्या रोपाची पिशवी. चिटणीस बाईंनी तिला काहीतरी विचारलं. ती आधी बावरली. मग रोपाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. काच बंद होती, शब्द मला ऐकू आला नाही. बाईंचे ओठ हलले. त्यांनी तो शब्द म्हणून पाहिला. ती बाई तोंडाला पदर लावून हसली आणि मान हलवून नाही म्हणाली. बाईंनी वही उघडली, चष्मा सारखा केला, तिच्या ओठांकडे निरखून पाहिलं आणि पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं असावं, कारण ती आता मोठ्याने हसत होती.

बस हलली. चिटणीस बाई तिसऱ्यांदा तोंड उघडत होत्या.